आड कोण आलं?

पहिल्या बेसवर रनर आहे. पिचरच्या हातून चेंडू सुटतो आणि त्याच क्षणी ती दुसऱ्या बेसकडे धाव घेते. बॅटर जिवाच्या आकांतानं बॅट फिरवते. चेंडू लागत नाही, पण फिरण्याच्या झोकात तिचा मागचा पाय पुढे येऊन थेट होम प्लेटवर पडतो. कॅचर चेंडू घेऊन उठलेली असते, फेकीसाठी तिचा हात मागे गेलेला असतो आणि समोर अचानक बॅटरचा खांदा येतो. ती क्षणभर थबकते, मग बाजूनं फेकते. चेंडू पोचेपर्यंत रनर दुसऱ्या बेसवर घसरत पोचलेली असते. एका बाजूच्या मुली ओरडतात, "सर, आड आली!" दुसऱ्या बाजूच्या ओरडतात, "मुद्दाम नाही आली, सर!"

दोन्ही संघांचं म्हणणं खरं असू शकतं, आणि तरी प्लेटमागच्या पंचाला दोन-तीन सेकंदांत एकच निर्णय द्यायचा असतो. सॉफ्टबॉलमध्ये याला इंटरफिअरन्स म्हणतात. चेंडू स्ट्राइक होता की नव्हता, रनर बेसवर आधी पोचली की चेंडू, या वादांत निदान डोळ्यांना दिसणारी एक गोष्ट असते. इथे पंचाला एका मुलीच्या हालचालीचा दुसरीच्या खेळावर काय परिणाम झाला हे ठरवायचं असतं. पंचगिरीतला हा सर्वांत अवघड निर्णय आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे तो सर्वांत कमी शिकवला जातो.

मी बंगळुरूच्या जयनगरात राहतो. 1948 साली पायाभरणी झालेली ही आखीव वसाहत. ब्लॉकना क्रमांक आहेत, रस्ते सरळ आहेत. पण पाचव्या ब्लॉकमधल्या शालिनी मैदानावर रविवारी सकाळी गेलात तर त्या आखीवपणाचा मागमूस दिसत नाही. टेनिस बॉलचे चार-पाच सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात. एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्या सामन्याच्या गलीत उभा असतो. धावणारा मुलगा भलत्याच संघाच्या गोलंदाजावर आपटतो आणि मग कन्नड, तमिळ, हिंदी, मधूनच मराठी अशा सगळ्या भाषांत एकच भांडण सुरू होतं: आड कोण आलं? या भांडणात मुलं नेहमी एकच मुद्दा मांडतात, "मी मुद्दाम नाही केलं." क्रिकेट पाहून वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या मनात तोच मुद्दा पक्का बसलेला आहे. सॉफ्टबॉलचा नियम समजून घ्यायचा तर आधी तो बाजूला ठेवावा लागतो.

बॅटर उभी राहते त्या चौकटीला बॅटर्स बॉक्स म्हणतात. ती 7 फूट लांब आणि 3 फूट रुंद असते आणि तिची आतली रेषा होम प्लेटच्या कडेपासून 6 इंचांवर असते. प्लेट स्वतः 17 इंच रुंद. म्हणजे प्लेटच्या दोन्ही अंगांना दोन चौकटी आणि मधे जवळजवळ अडीच फुटांची मोकळी गल्ली. या गल्लीतून चेंडू येतो आणि कॅचरचं सगळं काम इथूनच चालतं. चौकट बॅटरची, गल्ली कॅचरची, अशी ही वाटणी आहे. इंटरफिअरन्सचा जवळजवळ सगळा नियम या वाटणीतून निघतो.

बॅटरनं चौकटीबाहेर पाय टाकला आणि त्यामुळे कॅचरला चेंडू धरताना किंवा फेकताना अडथळा झाला, तर बॅटर बाद. इथे तिच्या मनात काय होतं हे कुणी विचारत नाही. पाय बाहेर पडला का आणि अडथळा झाला का, एवढे दोनच प्रश्न. ती चौकटीच्या आत असेल तर मात्र हेतू महत्त्वाचा ठरतो. आतून तिनं मुद्दाम अडथळा आणला असेल तरच ती बाद. आणि होम प्लेटवरच कुणाला बाद करण्याचा खेळ चालू असेल, तर त्यात लुडबुड करणारी बॅटर कुठेही उभी असली तरी अडचणीत येते. असा निर्णय झाला की पंच दोन्ही हात वर करून "डेड बॉल" पुकारतो, बॅटर बाद होते आणि अडथळ्याच्या क्षणी रनर ज्या बेसवर होत्या तिथे परत जातात.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे पाहा. पाय प्लेटवर पडला, म्हणजे चौकटीबाहेर. कॅचर थबकली आणि तिला बाजूनं फेकावं लागलं, म्हणजे अडथळा झाला. बॅटर बाद, रनर पहिल्या बेसवर परत. "मुद्दाम नाही आली" हे शंभर टक्के खरं असलं तरी निर्णयात तसूभर फरक पडत नाही.

हाच प्रसंग थोडा बदलला की उत्तर उलटतं. समजा बॅट फिरवल्यावर बॅटर आपल्या चौकटीतच राहिली, मूर्तीसारखी उभी, आणि कॅचरनं तिच्या दिशेनं पाऊल टाकून तिच्या अंगावरूनच फेक केली. चेंडू बॅटरच्या हेल्मेटला लागून भरकटला. मैदानावर याहून मोठा गलका होणार नाही, पण इथे इंटरफिअरन्स नाही. बॅटरनं हवेत विरून जावं अशी नियमाची अपेक्षा नाही. तिला उभं राहायला दिलेल्या जागेवर ती उभी होती. तिला वळसा घालून फेकण्याचा रस्ता शोधणं हे कॅचरचं कौशल्य आहे आणि चांगल्या कॅचर तेच तासन्‌तास घोटवतात.

आणखी एक बदल करू. पाय बाहेर पडला, अगदी प्लेटवर पडला, पण कॅचरनं फेकायचा प्रयत्नच केला नाही. चेंडू हातात घेऊन ती पंचाकडे पाहत राहिली, दाद मागायला. इथेही बॅटर बाद नाही. अडथळा होण्यासाठी आधी अडवलं जाण्यासारखं काही चाललेलं असावं लागतं. काही प्रशिक्षक कॅचरना सांगतात, बॅटर पुढे आली की हात खाली घे, निर्णय आपल्या बाजूनं लागेल. हा सल्ला साफ चुकीचा आहे. फेकायचा खरा प्रयत्न दिसला नाही तर पंचाकडे धरून चालायला काहीच उरत नाही. उलट अंगाला अंग लागलंच पाहिजे असंही नाही. बॅटर फेकीच्या वाटेत आली आणि कॅचरला हात आवरता घ्यावा लागला, तर स्पर्शाशिवायही अडथळा पूर्ण होतो.

चौकटीबद्दलचा एक गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. खेळाडूच काय, काही पंचही म्हणतात, "ती बॉक्समध्ये होती, मग इंटरफिअरन्स कसा?" चौकट हा किल्ला नाही. तिसऱ्या बेसवर रनर आहे, पिचरचा चेंडू कॅचरला चकवून मागे जाळीपर्यंत गेला, कॅचर धावत गेली, पिचर प्लेट सांभाळायला पुढे आली आणि रनर घराकडे सुटली. या सगळ्याला दोन-तीन सेकंद लागतात. बॅटर चौकटीत बॅट घेऊन उभीच राहिली आणि कॅचरची फेक तिच्या अंगावर आदळली, तर ती चौकटीत होती हा बचाव चालत नाही. तिला दिसत होतं, वेळ होता आणि बाजूला व्हायला जागा होती. अमेरिकेतल्या शालेय सॉफ्टबॉलच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: प्लेटकडे फेक येत असताना आणि हटायला वेळ असताना, गर्दीच्या जागेतून बाहेर पडण्याचा वाजवी प्रयत्न बॅटरनं केला पाहिजे. प्लेटवर वाकून अडवणं हाही त्याच नियमातला एक दोष. पिचिंगच्या क्षणी चौकट बॅटरची असते, पण खेळ पुढे सरकला की जागेवरचा हक्कही सरकतो. यातला "वाजवी" हा शब्द पंचाची खरी परीक्षा घेतो. अर्ध्या सेकंदात मागून येणारी फेक टाळणं कुणाला जमणार नाही. दोन सेकंद मिळूनही जागची न हललेली मुलगी मात्र दोषी.

या सगळ्यात एका थबकण्याला इतकं महत्त्व का, हे आकड्यांनी पाहू. शालेय मुलींच्या सामन्याचा अंदाज घेऊ. बेस एकमेकांपासून 60 फुटांवर, म्हणजे 18.29 मीटर. होम प्लेट ते दुसरा बेस हा या चौकोनाचा कर्ण, सुमारे 25.86 मीटर. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे शर्यतीची सुरुवात अगदी नेमकी असते. समजा चेंडू ताशी 70 किलोमीटर वेगानं आला. कॅचरपर्यंत यायला त्याला साधारण 0.65 सेकंद लागतील. चेंडू मोज्यातून काढून फेकीला एक सेकंद. फेकही ताशी 70 किलोमीटरची धरली तर तिला 1.3 सेकंदांहून थोडा जास्त वेळ. बेरीज झाली सुमारे तीन सेकंद. तिकडे रनर सरासरी सेकंदाला 6 मीटर धावली तर 18.29 मीटरला तीन सेकंदांहून किंचित जास्त लागतात. दोघी जवळजवळ एकाच वेळी पोचतात. शेवटच्या टप्प्यात रनर सेकंदाला 7 मीटरच्या वेगात असेल, तर कॅचरच्या हाताचं एक दशांश सेकंद थांबणं म्हणजे तिला 70 सेंटिमीटरची भेट. बेस स्वतः 38 सेंटिमीटरचा असतो. म्हणजे एका थबकण्यात जवळजवळ दोन बेसांच्या रुंदीएवढं अंतर रनरच्या पदरात पडतं. लोकांना ती थबक क्षुल्लक वाटते, पण बाद की नाबाद याचा फैसला तिथेच होतो.

"तसंही रनर बाद झालीच नसती" असा युक्तिवाद नेहमी होतो, आणि नियम तो मानत नाही. अडथळा नसता तर काय झालं असतं याचं भविष्य पंचानं सांगायचं नसतं. प्रयत्न चालू होता आणि तो अडवला गेला, एवढं पुरे.

क्रिकेटचा रस्ता वेगळा आहे. तिथला शब्द "जाणूनबुजून". 1951 साली ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लेन हटननं खेळलेला चेंडू वर उडाला. तो यष्ट्यांवर पडेल या धास्तीनं हटननं बॅट फिरवली आणि यष्टिरक्षक रसेल एंडीनचा झेल हुकला. क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल कसोटीत बाद झालेला हटन हा पहिला फलंदाज. आपली यष्टी वाचवण्याचा हक्क फलंदाजाला आहे, पण त्यासाठी झेल अडवण्याचा नाही, असा त्यातला निवाडा. मला हा प्रसंग सॉफ्टबॉलच्या सर्वांत जवळचा वाटतो: बॅट हातात, मागे यष्टिरक्षक आणि स्वतःच्या बचावाची हालचाल दुसऱ्याच्या खेळात शिरलेली.

आपल्या मोहिंदर अमरनाथनं 1986 साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेंडू हातानं अडवला आणि 1989 साली अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध पायानं लाथाडला. दोन्ही वेळा बाद. तिथे हेतूबद्दल फारसा वाद नव्हता. वाद झाला तो 2015 साली लॉर्ड्‌सवर. ऑस्ट्रेलियाच्या मिचेल स्टार्कनं आपल्याच गोलंदाजीवर चेंडू उचलून यष्ट्यांकडे फेकला, क्रीजबाहेर असलेल्या बेन स्टोक्सचा हात पुढे आला आणि चेंडू त्याला लागला. अंग वाचवण्यासाठी आपोआप आलेला हात, की यष्टी वाचवण्यासाठी आणलेला? तिसऱ्या पंचांनी त्याला बाद दिलं. संथगतीतलं चित्रण पाहताना प्रत्येक हालचाल ठरवून केल्यासारखी दिसते. एका सेकंदाचे पन्नास तुकडे करून पाहिल्यावर विचार करायला भरपूर वेळ होता असं वाटू लागतं. म्हणूनच हेतूच्या निर्णयात कॅमेरा जितकी मदत करतो तितकीच दिशाभूलही करतो असं मला ठामपणे वाटतं.

क्रिकेटलाही हे उमगलं असावं. 2011 पासून एकदिवसीय सामन्यांच्या नियमांत एक कलम आलं: धावताना फलंदाजानं सबळ कारणाशिवाय आपली दिशा लक्षणीय बदलली आणि त्यामुळे धावबाद करण्याचा प्रयत्न अडला, तर दाद मागितल्यावर तो बाद. धावबाद झालाच असता का, हे पाहायचं नाही. मे 2024 मध्ये चेन्नईला रवींद्र जडेजा राजस्थानविरुद्धच्या आयपीएल सामन्यात असाच बाद झाला. दुसऱ्या धावेसाठी निघून परत फिरताना तो संजू सॅमसनच्या फेकीच्या रेषेत आला. पंचांनी त्याच्या धावेची रेषा पाहिली. मन वाचण्यापेक्षा पावलं वाचणं सोपं, या निष्कर्षापर्यंत क्रिकेट उशिरानं आलं. सॉफ्टबॉलनं बॅटरच्या बाबतीत तो चौकटीच्या रूपानं चुन्यानंच मैदानावर आखून ठेवला आहे.

दोन खेळांतला हा फरक किती खोल आहे याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या मनात ठसलेलं आहे. फेब्रुवारी 1999, ईडन गार्डन्स, पाकिस्तानविरुद्धची आशियाई कसोटी. सचिन तेंडुलकर तिसरी धाव घेत असताना यष्ट्यांजवळ चेंडूची वाट पाहत मागे सरकणाऱ्या शोएब अख्तरवर आदळला. बदली खेळाडू नदीम खानची सीमेवरून आलेली फेक थेट यष्ट्यांवर लागली. सचिनची बॅट क्रीजच्या आत टेकलेली नव्हती. तिसऱ्या पंचांनी बाद दिलं, मैदान पेटलं आणि दुसऱ्या दिवशी स्टँड रिकामे करून सामना संपवावा लागला. क्रिकेटच्या नियमानुसार निर्णय बरोबर होता, कारण शोएब मुद्दाम आडवा आला असं कुणी दाखवू शकत नव्हतं. आता हाच प्रसंग सॉफ्टबॉलच्या मैदानावर ठेवून पाहा. ज्या क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू नाही आणि जो फटकावलेला चेंडू अडवतही नाही, त्यानं धावणाऱ्याची वाट अडवली तर ते ऑब्स्ट्रक्शन. हेतूचा प्रश्नच नाही. फेकीची वाट पाहत उभं राहणं हा बचाव आजच्या सॉफ्टबॉलमध्ये चालत नाही. तिथे सचिन नाबाद ठरला असता. कोलकात्याच्या प्रेक्षकांना जे अन्यायाचं वाटलं त्याला दुसऱ्या एका खेळाच्या नियमपुस्तकात पूर्ण आधार आहे. दगडफेकीला अर्थातच कुठल्याही पुस्तकात नाही.

बॅटरच्या इंटरफिअरन्सवरचा जगातला सर्वांत गाजलेला वाद सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावाकडचा आहे. 14 ऑक्टोबर 1975, अमेरिकेतलं सिनसिनाटी, बेसबॉलच्या वर्ल्ड सीरीजचा तिसरा सामना. बोस्टन आणि सिनसिनाटी 5-5 अशा बरोबरीत, दहावा डाव. सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरनं चेंडू हलकेच प्लेटसमोर टेकवला आणि पहिल्या बेसकडे निघताना किंचित घुटमळला. कॅचर कार्लटन फिस्क चेंडूवर झेपावला, दोघांची टक्कर झाली, फिस्कनं चेंडू घेऊन दुसऱ्या बेसकडे फेकला तो थेट बेसच्या मागे सेंटर फील्डमध्ये गेला. रनर तिसऱ्या आणि दुसऱ्या बेसवर पोचले. बोस्टनचे लोक प्लेटमागचे पंच लॅरी बार्नेट यांच्याभोवती जमले, पण त्यांनी इंटरफिअरन्स दिला नाही. आर्मब्रिस्टरनं मुद्दाम अडवलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर जो मॉर्गनच्या फटक्यावर सिनसिनाटी 6-5 जिंकलं आणि पुढे सात सामन्यांची मालिकाही 4-3 अशी त्यांनीच जिंकली. बार्नेटना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

या निर्णयावर आज पन्नास वर्षांनीही एकमत नाही. पण त्यातून एक भेद शिकता येतो. बॅट चेंडूला लागली की बॅटर बॅटर राहत नाही, ती रनर होते. तिला पहिल्या बेसकडे धावायचं असतं आणि कॅचरला तिच्याच पायांशी पडलेला चेंडू उचलायचा असतो. दोघींचंही काम कायदेशीर, जागा एकच. बेसबॉलच्या आजच्या नियमपुस्तकातली टीप सांगते की पहिल्या बेसकडे निघालेला खेळाडू आणि चेंडू उचलणारा कॅचर यांची टक्कर झाली, तर सहसा काहीच पुकारू नये. मात्र "सहसा" म्हणजे नेहमी नव्हे. आर्मब्रिस्टरचं ते घुटमळणं नेहमीच्या धावण्याचा भाग होतं की नव्हतं, हाच सगळ्या वादाचा गाभा. माझं मत विचाराल तर तो थांबला तिथेच त्यानं धावणाऱ्याचा हक्क थोडा गमावला होता, आणि निर्णय फिस्कच्या बाजूनं जायला हवा होता. पण बार्नेटना त्या क्षणी प्लेटमागून जे दिसलं ते मी खोलीत बसून पाहिलेलं नाही, हेही तितकंच खरं.

दुसरा गाजलेला प्रसंग 2019 चा. ह्यूस्टनला वर्ल्ड सीरीजच्या सहाव्या सामन्यात वॉशिंग्टनचा ट्रे टर्नर पहिल्या बेसकडे सरळ धावला आणि फेक त्याला लागली. बेसच्या अलीकडच्या निम्म्या वाटेत धावणाऱ्यासाठी तीन फूट रुंद पट्टा असतो. तो त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं धावला म्हणून पंच सॅम होल्ब्रुक यांनी त्याला बाद दिलं. खेळ चार मिनिटांहून अधिक थांबला, व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ यांना पुढे मैदानाबाहेर काढलं गेलं. निर्णय नियमाला धरून होता, पण नियमातच खोट होती: बेस एका बाजूला आणि पट्टा त्याच्या बाहेर, मग उजव्या हाताच्या फलंदाजानं सरळ धावू नये तर काय करावं? 2024 पासून अमेरिकेच्या मेजर लीगनं तो पट्टा आतल्या बाजूला गवताच्या कडेपर्यंत रुंद केला. सॉफ्टबॉलनं हा प्रश्न आधीच वेगळ्या प्रकारे सोडवला होता. पहिला बेस दुहेरी केला: पांढरा क्षेत्ररक्षकासाठी, त्याला लागून बाहेरच्या बाजूला रंगीत धावणारीसाठी. दोघींची जागाच वेगळी केली की टक्कर कमी आणि पंचाच्या मनावरचा भारही कमी. इंटरफिअरन्सच्या वादांवर आजवर जे उपाय टिकले ते असे जमिनीवर आखलेले आहेत.

प्लेटमागच्या पंचाचं काम आता नीट दिसेल. त्याची नजर चेंडूवर असावीच लागते, कारण स्ट्राइक-बॉल त्यालाच सांगायचा आहे. पण चेंडू कॅचरच्या मोज्यात शिरताच नजर खाली बॅटरच्या पायांकडे आणि तिथून वर कॅचरच्या हाताकडे जावी लागते. रनर निघाली आहे हे त्याला आधी माहीत हवं. पहिल्या बेसवर कुणी असेल तर अनुभवी पंच प्रत्येक चेंडूआधी ते मनात नोंदवून ठेवतात. पाय कुठे पडला, हात थबकला का, फेकायचा प्रयत्न खरा होता का, हा क्रम डोक्यात बसलेला असेल तर निर्णय एका सेकंदात येतो. तो क्रम नसेल तर पंच प्रेक्षकांच्या आवाजावर निर्णय देतो. आणि निर्णय दिल्यावर त्यानं काय पाहिलं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "तिचा पाय प्लेटवर होता आणि कॅचरला हात आवरावा लागला." एवढं स्पष्ट सांगणाऱ्या पंचाशी भांडायला फार कमी लोक पुढे येतात.

प्रशिक्षकांनी इथे एक फरक लक्षात ठेवावा. पंचाच्या अवलोकनावर निषेध नोंदवता येत नाही. "अडथळा झाला नाही असं मला दिसलं" असं पंच म्हणाला, तर तो चुकला असला तरी विषय संपतो. पण "ती बॉक्समध्ये होती, म्हणून इंटरफिअरन्स होऊच शकत नाही" असं म्हणाला, तर त्यानं नियमच चुकीचा लावला आहे आणि त्यावर रीतसर निषेध नोंदवता येतो. म्हणून आरडाओरडा करण्याऐवजी प्रशिक्षकानं शांतपणे एकच प्रश्न विचारावा: "सर, तुम्ही काय पाहिलंत आणि कोणता नियम लावलात?" उत्तराच्या दुसऱ्या भागात चूक असेल तरच पुढे जावं.

महाराष्ट्रात या निर्णयांना मैदानापलीकडेही वजन आहे. शालेय स्पर्धांतून सॉफ्टबॉल जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला आहे, त्याच्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कार मिळाले आहेत. स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि 2005 पासून राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. शेवटच्या डावात एका मुलीचा पाय प्लेटवर पडला की नाही, यावर एखाद्या संघाचं राज्य पातळीवर जाणं ठरतं आणि त्या जाण्यावर कुणाचा पुढचा मार्ग. इतकं अवलंबून असताना कित्येक शालेय मैदानांवर बॅटरची चौकट सकाळी एकदा फक्कीनं ओढली जाते आणि दुसऱ्या डावापर्यंत बुटांखाली पुसली जाते. मग पंच ज्या रेषेवर निर्णय देतो ती रेषा फक्त त्याच्या मनात उरते, आणि बाकीच्या सगळ्यांच्या मनात ती वेगळ्या ठिकाणी असते.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फक्कीचं एक पोतं जास्त आणा आणि दर दोन डावांनी बॅटरची चौकट पुन्हा आखा. लाकडी पट्ट्यांचा 7 बाय 3 फुटांचा साचा एकदा करून ठेवलात तर कामाला एक मिनिटही लागत नाही. पहिला बेस दुहेरी घाला. सामन्याआधी दोन्ही संघांच्या कॅचर आणि बॅटर यांना प्लेटजवळ बोलावून पंचांनी पाच मिनिटं हा नियम पायानं दाखवून समजवावा. आणि जयनगरात असो की जळगावात, तुमच्या घरातली मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल, तर तिला आज संध्याकाळी एवढं विचारा: बॅट फिरवल्यावर तुझा मागचा पाय कुठे पडतो?